मनगटाचा आवाज

पाजूच्या तळघरात, रात्री अकराला,
बो-राम पडद्याकडे बघत
स्वतःचंच मनगट पकडते.
उजव्या हातात कातडी मोजा, डावं मनगट उघडं.
काचेपलीकडून प्योन साहेब म्हणतात,
पुन्हा. जरा जोरात. पण कोरडं नको.

पडद्यावरची माणसं तिच्याकडे अर्धी मुकी येतात.
ती त्यांना पावलं देते, अस्तराची सळसळ,
मक्याच्या पिठाच्या पिशवीतून बर्फावरची चाल,
किमचीच्या कोबीतून ठोसा.
आणि चुंबन?
चुंबन ती आपल्याच मनगटावर घेते,
तिथेच, जिथे आत्ता मोजा आवळला होता.
लाली अजून उतरलेली नसते.
माइकला ती दिसत नाही.

नवव्या भागात तो तिला ओढत गाडीपर्यंत नेतो,
हॉटेलच्या दिवाणखान्यातून, सगळ्यांदेखत.
सव्वीस पावलं.
त्याची जड, एका लयीत.
तिची मागे पडणारी, उंच टाचांची,
आणि एकोणिसाव्याला
एक टाच संगमरवरावर घासत जाते.
ती म्हणते, सोड. सोड ना. दुखतंय.
साहेब म्हणतात, पहिलं राहू दे,
पुढच्या दोन्हींवर पियानो चढवू.

माणूस वाईट नाही हो.
गुडघे धरलेत, मुलीच्या क्लासची फी थकलीय,
तरी रोज न विसरता
बो-रामसाठी बार्लीचा गरम चहा आणतो.
म्हणतो, बघणाऱ्याला कळायला हवं ना,
की हे प्रेम आहे.

बो-रामच्याही खोलीबाहेर एकदा
एकजण पहाटेपर्यंत उभा होता.
दार वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा.
मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस गं.
त्या दाराला पियानो नव्हता.
आतून लावलेल्या कडीचा खटका होता फक्त,
आणि तो आवाज
तिनं आजवर कुठल्याच दाराला दिलेला नाही.

तिकडे गुन्सानला आई, मल-सून,
लसूण सोलत हीच मालिका बघते.
दर चुसॉकला, सगळे जेवायला बसले की,
तिची ती गोष्ट ठरलेली:
तुझे बाबा तीन दिवस गिरणीच्या फाटकाशी उभे,
नाही म्हणालीस तर बंदरात उडी टाकतो म्हणाले,
मग काय करते, म्हटलं हो.
सगळे हसतात. तीही हसते.
फक्त "मग काय करते" च्या आधी
ती दरवर्षी थांबते,
जेवढा वेळ घास गिळायला लागतो तेवढीच.
बो-रामनं ते अंतर कधी मोजलं नव्हतं.
आज कानात यंत्रं लावून बसल्यावर
ते उगाच आठवलं.

संवाद तिच्या हातात नाहीत.
पियानोही नाही.
तिच्या हातात आहे एक जुना बूट, नंबर दोनशे पस्तीस,
आणि संगमरवराची हातभर फरशी.
एकोणिसाव्या पावलाला
ती टाच अशी घासते
की दात शिवशिवावेत.
साहेब मान वर करतात. काचेतून बघत राहतात.
मग चहाचा घोट घेतात
आणि म्हणतात, पुढचा सीन.

शनिवारी भाग लागला.
कुणाला काही कळलं नाही.
तो तिला गाडीत बसवतो, पट्टा लावून देतो,
आणि देशभरातल्या घरांतून
एक सुस्कारा निघतो, तसाच निघाला.

साडेअकराला आईचा फोन.
लसणाचा भाव. शेजारच्या ओक-बूनची शस्त्रक्रिया.
जेवलीस का. खोली गरम राहते ना.
मग, ठेवता ठेवता,
अगं, ती पोरगी.
हॉटेलात तिचा पाय घासला ना मघाशी,
लागलं असेल का गं तिला?

बो-राम ऐकते.
पलीकडे फ्रिजची घरघर,
लसणाच्या सालीवर थांबलेलं नख,
आणि आईचा श्वास, अजून काही म्हणायचंय असा.
कामाची सवय अशी,
की रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते.

ती भरत नाही.